उजव्या खिशातला बटाटा

ता. ९ मार्च

माझ्या दर्यावर्दी लेकीस,

सांगणारीचा आशीर्वाद आणि लिहिणारीचा गोड पापा. (पापा तिने स्वतःच घातलाय, मी सांगितला नव्हता.)

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या वयाप्रमाणे वागतात, मी माझ्या वागते. तुझी बोट कुठे असेल ते कंपनीच्या ऑफिसातल्या माणसालाही सांगता येत नाही. तो म्हणाला, पत्र द्या, पुढच्या बंदरात थैली पोचेल. म्हटलं, पोचव बाबा.

तुझी लेक खारू, म्हणजे ही लिहिणारीच, चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीत रमली आहे आणि घरात सध्या सायकलीचं राज्य आहे. सायकल माझ्या पलंगाला टेकून उभी असते. सकाळी उठले की देवाआधी पेडल पायाला लागतं. पण सायकलीचं एक बरं आहे, तिला खायला लागत नाही. हिच्या रविवारच्या टोळक्याचं काय सांगू? मला वाटायचं, हे लोक सायकल चालवतात आणि भूक लागली की खातात. तसं नाही. हे खाण्यासाठी निघतात, वाटेत सायकल चालवावी लागते एवढंच.

शनिवारी संध्याकाळपासून तयारी. ताटात दुप्पट भात, का तर ‘आजी, उद्या चढ आहे.’ रविवारी उजाडायच्या आत ओटची लापशी आणि केळं. निघून तास होत नाही तोवर दुसरं केळं. मग खजूर, तेही बिया काढलेले, कारण चालत्या सायकलवरून बी थुंकली तर ती मागच्याच्या तोंडावर. पुलापलीकडे एक बेकरी आहे, तिथे सगळे थांबतात. पाव, लोणी, अंडी, कॉफी. टोळक्याचा पुढारी कोण, तर दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या पोरांना गोड खाऊ नका म्हणून दरडावतो आणि रविवारी एका हातात जॅमचा पाव घेऊन बसतो. खारू म्हणते, दोन्ही हातांत.

भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, असा त्यांचा नियम आहे. मी विचारलं, मग दमायच्या आधी घरी का येत नाही? त्यावर ही आणखी एक केळं सोलायला घेते.

हिची ती जर्सी मशीनमध्ये टाकायची नाही म्हणे, म्हणून मी हाताने धुते. तिला पाठीवर तीन खिसे आहेत. पाठीवर खिसे बघून खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईही चक्रावल्या.

हां, तू टेलरबाईंच्या पत्त्यावर जे पत्र पाठवलंस ते त्यांनी मला वाचून दाखवलं. तू पडद्याच्या कापडाचं विचारलं आहेस. कापड वरून छान दिसतंय. रंग आलाय, पोत आलाय. पण धुऊन बघितल्याशिवाय माझ्याच्याने खात्री देववत नाही. घाईने काही ठरवू नकोस.

‘आजी, कुठला पडदा?’
‘तुझ्या लग्नाचा. लिही.’

अंगठा खाली उठवला आहे. पसरलाय, कारण लिहिणारी हसून टेबल हलवत होती.

तुझी,
आई


ता. १७ मार्च

लेकी,

आज अक्षर वेगळं दिसेल. टेलरबाई लिहीत आहेत. दार लावलंय, खारू दुकानात आहे. त्यामुळे आता पडदा गेला खड्ड्यात, सरळ बोलते.

तू विचारलंस, आई, एका शब्दात सांग, पोरगी नीट खाते का? खात असेल तर बोटीवर पुढच्या फेरीची सही करते, नसेल तर बंदरात उतरून घरी येते. मागच्या पत्रात मी तुला ओट आणि खजुराच्या गप्पा मारल्या, कारण लिहिणारा हात तिचाच होता. आणि खरं सांगायचं तर मला तो एक शब्द सापडत नव्हता.

मागचं वर्ष तूही विसरली नसशील. खारूने ताटात पावाचा चुरा पसरायचा, कडेला आमटी माखायची, की बघणाऱ्याला वाटावं जेवली. आणि घास कुठे, तर कोटाच्या खिशात, कुंडीत, एकदा तर तुझ्या पावसाळी बुटात. सलाईन लागेपर्यंत आपल्याला पत्ता नाही. मी अडाणी, पण खिसे मला वाचता येतात. तेव्हाही खिशानेच मला सांगितलं होतं.

आता ऐक. गेले काही रविवार मी ती जर्सी धुते आहे. डाव्या खिशात चुरा असतो, केळ्याची साल असते. बरं वाटायचं. पण चुरा तर तेव्हाही असायचा. आणि उजव्या खिशात काय, तर चांदीच्या कागदात गुंडाळलेला उकडलेला बटाटा, मीठ लावलेला, आख्खा. त्याच्याजवळ खजुराची पुडी, तीही न उघडलेली. पहिल्यांदा वाटलं, राहिलं असेल. दुसऱ्यांदाही तसंच. या रविवारी तिसऱ्यांदा बटाटा हातात आला आणि जर्सी तशीच बादलीत टाकून मी टेलरबाईंचं दार वाजवलं.

मी तिला काही विचारलं नाही. मागच्या वेळी विचारलं तेव्हा तिने खाल्लं नाही, फक्त अजून चांगलं लपवायला शिकली. तिच्यासमोर मी हसते, सायकलवाल्यांची टिंगल करते आणि ती गेली की कचऱ्याचा डबा उपसते. टेलरबाई म्हणतात, आजी, गाल भरलेत हो तिचे. मी म्हणते, गालांचं काय, लहानपणी शेंगदाणे साठवायची तेव्हाही भरलेले असायचे. म्हणूनच तर तिचं नाव खारू पडलं.

तर सही करू नकोस. अजून करू नकोस. बोटीवरच्या साहेबाला सांग, आई म्हातारी झाली आहे, तिला विचार करायला वेळ लागतो. येत्या रविवारी मी आणि टेलरबाई सकाळच्या बसने पुलापलीकडच्या त्या बेकरीत जाऊन बसणार आहोत. माझ्या डोळ्यांनी बघते आणि मग तुला तो शब्द पाठवते.

पुसट झालं असेल तर ते टेलरबाईंच्या डोळ्यांतलं आहे, माझ्या नाही.

वाट बघ.
आई


ता. २४ मार्च

लेकी,

सही कर.

आधी हे लिहून घेतलं. आता पाणी पिते आणि बाकीचं सांगते. लिहिते आहे खारू. मागचं पत्र तिला टेलरबाईंनी तोंडी सांगितलं, मीच सांगायला लावलं. आता या घरात तिच्या हाताने लिहिता येणार नाही असं काही उरलेलं नाही.

तर आम्ही दोघी बेकरीत लवकर जाऊन कोपऱ्यातलं टेबल धरलं. टेलरबाईंनी डोळ्यांवर येईल अशी टोपी घातली होती. मी म्हटलं, मला काय? तर त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा पेपर माझ्या हातात दिला. मी पेपर तोंडासमोर धरला आणि कडेने बघत बसले. बेकरीवाल्याने दोनदा येऊन विचारलं, अजून काही आणू का? म्हटलं, आण, पण समोरून सरक.

मग एकेक सायकल यायला लागली. दातांचा डॉक्टर आला. खारू आली. तोंड लाल, केस घामाने चिकटलेले. टोपी काढायच्या आधी डाव्या खिशातून केळं काढलं आणि उभ्याउभ्याच संपवलं. मग पाव आला, त्यावर लोणी, साधं नव्हे, थापलेलं. दोन अंडी. साखर घातलेली कॉफी. ताटलीतला चुरा, लेकी, चुरा बोटाने टिपून खाल्ला. मग डॉक्टरच्या ताटलीतला जॅमचा पाव न विचारता मोडून घेतला.

‘आजी, मी विचारून घेतला होता.’
‘मी कोपऱ्यात होते की तू? लिही.’

माझा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धाच, कारण उजव्या खिशाला तिने हात लावला नव्हता. तो पाठीवर फुगलेलाच. मी मनात म्हटलं, चार लोकांसमोर खाते आहे, पण मग त्या बटाट्याचं काय?

तेवढ्यात सगळ्यात मागे राहिलेली एक बाई आली. शहरात बस चालवते म्हणे, चांगली धिप्पाड. पण सायकलवरून उतरली ती लटपटतच. तोंड पांढरंफटक. ‘सकाळी घाईत काही खाल्लं नाही गं,’ म्हणाली. खारू उठली. हात मागे नेऊन उजव्या खिशातून तो चांदीचा कागद काढला, सोलला आणि बटाटा तिच्या हातात दिला. ‘आधी खा. मग बोल.’ बाई म्हणाली, दोन मिनिटं बसते, मग खाते. तर ही कंबरेवर हात ठेवून समोर उभी. ‘मी इथेच आहे. चाव.’ बाईने घास गिळेपर्यंत हलली नाही. मग खजूर, एकेक करून.

लेकी, ते शब्द माझे आहेत. मागच्या वर्षी हॉस्पिटलातून आणल्यावर मी रोज तिच्यासमोर तशीच उभी राहायचे, कंबरेवर हात ठेवून. वाटायचं, हिला ही म्हातारी किती नकोशी झाली असेल.

माझ्या हातातून पेपर सरकायला लागला आणि डोक्यावर आवाज आला, ‘आजी, पेपर उलटा आहे.’ दातांचा डॉक्टर. मी म्हटलं, ‘तुमचे दात मोजत होते, त्याला सुलटा काय आणि उलटा काय.’ तो हसायला लागला, टेलरबाईंची टोपी पडली आणि खारूने वळून बघितलं.

तिथे तिने टोपी उचलून टेलरबाईंच्या डोक्यावर ठेवली आणि परत त्या बाईजवळ गेली. उजव्या खिशाचं मला डॉक्टरनेच सांगितलं. त्यांच्यात पद्धत आहे. डावा खिसा आपला, उजवा दुसऱ्याचा. उजव्यातलं स्वतः खायचं नाही, कितीही भूक लागली तरी. वाटेत कुणी गळालं तर त्याला द्यायचं. कुणी नाही गळालं तर तसंच घरी न्यायचं. मग मी तीन रविवार ज्या बटाट्यांवरून जीव टांगणीला लावला, ते बटाटे म्हणजे काय, तर कुणालाही काही झालं नाही याची खूण.

घरी आल्यावर मात्र ऐकून घ्यावं लागलं.

‘तू माझे खिसे तपासतेस?’
‘धुते.’
‘तपासतेस.’
‘धुता धुता.’
‘विचारायचंस ना सरळ.’
‘विचारलं की तू लपवतेस. मागच्या वर्षी शिकलीस.’

ती सायकलचं चाक हाताने फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘आता विचार.’

विचारलं. खातेस का?

पुढचं तिने स्वतः सांगून लिहिलंय, मी एक शब्दही घातलेला नाही. ‘आई, खाते. रोज सारखं जात नाही. कधीकधी दुकानात दुपारी डबा उघडून नुसती बघत बसते. पण बंद करून ठेवत नाही, थोडं तरी खाते. रविवारी मात्र विचारच करावा लागत नाही, कारण माझ्या खिशावर दुसरं कुणीतरी अवलंबून असतं, आणि दुसऱ्याच्या खिशावर मी. मी दोनदा गळाले होते. आजीला सांगितलं नव्हतं. दोन्ही वेळा बसवाल्या ताईंचा बटाटा खाल्ला.’

बघ, म्हणजे मला वाटत होतं मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे. आणि इकडे कुठल्या कोण बसवाल्या बाईचा बटाटा माझ्या नातीच्या पोटात जात होता आणि मला पत्ता नव्हता. लेकी, इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलेलं नाही. दुपारी अशी झोपले की टेलरबाई दोनदा दार वाजवून गेल्या.

आता उजव्या खिशाचं काम माझ्याकडे आलं आहे. बटाटा मी उकडते, मीठ मी लावते. खारू म्हणते मीठ जास्त होतं. म्हटलं, तुला कुठे खायचाय?

सही कर, निर्धास्त कर. पण एक सांग. तू त्या बोटीवर दोनशे माणसांना वाढतेस. सगळ्यांचं झाल्यावर तू खातेस की पातेलं घासून झोपतेस? तुझ्या पत्रात लाटांचं आहे, मुकादमाच्या घोरण्याचं आहे, तुझ्या जेवणाचं कधी नसतं. मला पडद्याच्या कापडाच्या गोष्टी सांगू नकोस. एका शब्दात सांग. तिथे कुणाच्या उजव्या खिशात तुझ्यासाठी काही असतं का? नसेल तर अशी एखादी बाई शोध, आणि आधी तिच्यासाठी तू भर.

अंगठ्याच्या ठशाला या खेपेला शाई लावलेली नाही. खजुराच्या बिया काढत होते, तोच उमटवला. कागद चिकटला तर हळू सोडव.

उजवा खिसा भरून तुझी वाट बघणारी,
आई