चारला पाच कमी

गुरुवार, पहाट

क्लासचा सर्व्हर सलग तिसऱ्या रात्री देखभाल चालू असतानाच बंद पडला, बरोबर चारला पाच कमी असताना. दोन रात्री मी उगाच लॉग वाचून राहिलो. आज नजर ठेवली, तर आमचे नवे वॉचमन, किल्लारीचे मामा, आले आणि मेन स्विच खाली ओढला.

“मामा, हे काय करून राहिले?”

“भूकंपाची येळ हाय. वायरी जित्त्या ठेवायच्या न्हाईत. चल, भाईर चल.”

सकाळी सरांना कारण पाहिजे. काय सांगू? खरं सांगितलं तर मामांची नोकरी जाते, लपवलं तर माझी.

चारला पाच कमी! त्र्याण्णवला किल्लारी याच सुमारास हादरली होती, हे तेव्हा सुचलंच नाही. मामांवर ओरडणार होतो. पण त्यांनी मनगट धरून मला अंगणात ओढलं, आणि चार वाजून गेल्यावरच सोडलं. लिहिताना दिसतंय, बोटांचे वळ अजून गेले नाहीत.