पेटी, डाळ आणि माझं इन्स्ट्रुमेंटेशन

आदरणीय देवमन मामा,

सप्रेम जय भीम. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मामींची साखर? खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो मामा’ म्हणते. माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून पत्र.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात तीस वर्षं काढल्यामुळे तुमच्या लेखी इंजिनिअरिंगच्या शाखा दोनच: सिव्हिल आणि बाकीची रिपेरिंग. मी इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं तेव्हापासून तुम्ही रुसला आहात. (बाबा म्हणतात, रुसलेले नाहीत, चेहराच तसा आहे.) पण दर्यापुरात या शाखेचा अर्थ कुणालाच लागला नाही. मोजणारी, तपासणारी यंत्रं सांभाळायची, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. बाबांनी त्यातलं ‘इन्स्ट्रुमेंट’ तेवढं धरलं, आणि इन्स्ट्रुमेंट म्हणजे वाद्य, हे त्यांना विहारातल्या गायन पार्टीमुळे पक्कं ठाऊक. तेच त्यांनी गावभर सांगितलं. जयंतीच्या आदल्या दिवशी समितीचे नत्थुजी डोक्यावर पेटी घेऊन दारात हजर.

“पायल, पाह्य, दोन सूर बसले इचे. चार वर्षं हेच शिकली ना तू?”

नाही म्हणायला तोंड उघडलं, तर मागे बाबा छाती काढून उभे. मग काय, उघडली पेटी. आत उंदरानं संसार थाटला होता. तो हलवला, पट्ट्या पुसल्या, आणि मामा, पेटी वाजली! (एवढ्यावरच भागलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.)

दुसऱ्या दिवशी पाहुणे होते तुमच्या अकोल्याचे डाळमिलवाले श्याम तायडे. ते भाषणाला उभे राहिले आणि एक पट्टी अडकली. त्यात पेटीवाले ललितदादा भाषणात असे रंगले की नकळत भाता हलवत राहिले. साहेब ‘बंधूंनो’ म्हणाले की पीं, ‘भगिनींनो’ म्हणाले की पीं. शेवटी मीच स्टेजवर धावले आणि केसांतली पिन घालून पट्टी मोकळी केली. कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी बोलावलं. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

“काय शिकली वं तू?”

सांगितलं. पेटी वाजवून दाखव, असं न म्हणणारा हा पहिलाच माणूस! उलट म्हणाले, “मंग मिलमधी ये. डाळ निवडाचं मशीन चांगली डाळच फेकून राह्यलं. दोघं जण पाहून गेले, कोनाले समजून नाही राह्यलं.”

गेले. त्या मशीनमध्ये कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि काळा दिसला की हवेच्या झोतानं उडवून देतो. आधीच्या दोघांनी कॉम्प्युटरच्या सेटिंगशी झटापट केली होती. मी दुपारभर नुसती बघत बसले. मग लक्षात आलं, कॅमेऱ्यापुढची काच साफ करणारी हवेची नळीच मुडपली होती. काचेवर डाळीची भुकटी, म्हणून त्याला सगळी तूर काळी दिसायची. नळी सरळ केली, काच पुसली, सेटिंग पुन्हा लावली. पिवळीधमक डाळ ओतायला लागली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (भुकटी गेली, असं सगळ्यांना सांगितलं.) चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं, मी शिकले ते याच्यासाठी. साहेबांनी तिथल्या तिथे नोकरी दिली.

मामींना जय भीम, आणि गुडघ्याला शेक द्या.

तुमची भाची,
पायल

ता. क. बाबांनी नोकरीला होकार दिला तो एकाच अटीवर: राहायचं मामाकडे. मी म्हटलं, मामांनी स्वतःच बोलावलंय.

आणखी एक. त्यामुळे गेले बारा दिवस मी तुमच्याकडे राहते आहे. (तुम्ही मला फार जपता, असं आईला रोज कळवते.) प्रत्यक्षात मिलजवळ एका मैत्रिणीच्या खोलीवर आहे; तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नाही.

शेवटचं. बाबा रविवारी मला भेटायला तुमच्या घरी येताहेत. मी शनिवारी बॅग घेऊन येऊ ना? रागवायचं ते मला शनिवारीच रागवून घ्या. मामींना मात्र काही बोलू नका. मागची खोली त्यांनी सोमवारीच झाडून ठेवली आहे.