मखमली आवाजाची मालकीण

३ फेब्रुवारी, सोमवार
धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला गेला. जाताना त्याचे स्पीकर आमच्याकडे ठेवून गेला. दोन आहेत. प्रत्येक माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच. टेबलावर ठेवायचे नाहीत, जमिनीवरच उभे करायचे. हमालांनी आत आणताना दाराच्या चौकटीचा रंग उडवला. सोफा सरकवला, कपाट सरकवलं, तरी मला आडवं होऊनच जावं लागतं. भाऊ म्हणाला, ताई, फार महागाचे आहेत, ऐक पण हात लावू नकोस. मी म्हटलं, माझ्या घरात उभा राहून मलाच शिकव. महिन्याभरात ही बुजगावणी इथून हलवणार. ठरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
एक गाणं लावून बघितलं. एक बाई गाते, मागे कोणी तरी पियानो वाजवतं. बाई श्वास घेते तोही ऐकू येतो. दुसऱ्याचा श्वास आपण कशाला ऐकायचा? आवाज टोचतो. हे म्हणाले, वा, बाई खोलीत आल्यासारखी वाटते. मी म्हटलं, तिला बसायला जागा कुठाय?

९ फेब्रुवारी, रविवार
भावाने मला फोनवरच्या एका ग्रुपात घातलंय. या स्पीकरच्या मालकांचा ग्रुप. काही बिघडलं तर त्यांना विचार म्हणाला. स्पीकर माझ्या घरात आहेत, म्हणजे मालकीण मीच.
सगळे आपापलं मत लिहितात. एक लिहितो, आवाजात हवा आहे. दुसरा लिहितो, सुरांच्या मधली शांतता दाणेदार आहे. शांतता दाणेदार! रव्यासारखी का? एक दातांचे डॉक्टर ग्रुपचे प्रमुख. ते वायर नवीन घेतली की आठवडाभर तिच्याशी काही बोलत नाहीत, म्हणे वायरला स्थिर होऊ द्यावं. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, ते प्रत्येक मतावर निकाल राखून ठेवतात.
यांच्यापेक्षा मला जास्त कळतं. लॉन्ड्रीत सगळी मशिनं एकदम घरघरत असताना सुपरवायझर माझ्याबद्दल काय कुजबुजते ते मला ऐकू येतं. माझा कान म्हणजे कान आहे. शाळा सुटली चौथीत, कान नाही सुटला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सुट्टी. स्पीकरची मागची बाजू पुसली. भावाने काय कळकट ठेवलंय! मागे वायर लावायच्या जागी पितळेच्या छोट्या पट्ट्या आहेत, पार काळ्या पडलेल्या. स्क्रू ढिले करून काढल्या, पावडरने घासल्या. आरशासारख्या झाल्या. परत लावायला गेले तर बोटं जाईनात. म्हटलं, लावल्याशिवाय चालतो का बघू. चालला! म्हणजे त्या नुसत्या शोभेच्या. पट्ट्या बटणांच्या डबीत टाकल्या.
आणि आवाज काय सुधारला! सगळं टोचणं गेलं. मऊ, भरीव, जाड. बाईचा श्वास तर अजिबात नाही. हे म्हणाले, बाई पांघरूण घेऊन गातेय का? मी म्हटलं, तुम्ही दिवसभर बस चालवता, तुम्हाला हॉर्न सोडून काय कळणार? 

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ग्रुपवर मत दिलं. फोनमध्ये बोललं की तो आपला आपण लिहितो, बरं आहे. म्हटलं, ‘मागच्या पट्ट्या काढून फेका. आवाज मखमल होतो. मी केलं. ज्याला पटत नाही त्याने करू नये.’ संपलं. यांच्यासारखं पानभर दळण नाही.
डॉक्टरांनी विचारलं, आपण किती अंतरावर बसून ऐकलंत? मी म्हटलं, सोफ्यावर. त्यांनी विचारलं, सोफा कुठला? लोकांचे दात हा माणूस कधी बघतो?

१६ फेब्रुवारी, रविवार
मला माहीत होतं!
डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. मोठा लेखच लिहिलाय. काळोखाचा पोत बदलला, गायिका दोन पावलं मागे गेली आणि त्यामुळे जवळ आली. न्यायाधीशांनीही काढल्या. लिहितात, ऐकता ऐकता डोळे पाणावले, हा माझा अंतिम निकाल. दुपारपर्यंत अर्ध्या ग्रुपने काढल्या. सगळे मला ताई म्हणतात. एकाने विचारलं, ताई, तुम्ही संगीत कुठे शिकलात? मी म्हटलं, शिकलेल्यांनीच सगळी वाट लावलीय. त्यावर अंगठेच अंगठे.
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, हे सगळे आजारी आहेत का?
स्पीकर हलवायचा विचार तूर्त बाजूला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज मोठ्या अक्षरात लिहितेय. रागाने नाही, आनंदाने.
एका बाईंचा फोन आला. त्या मोठं शोरूम उघडतायत, असेच उंच स्पीकर विकायचं. त्यांनी ग्रुपवर माझी मतं वाचली. म्हणाल्या, गिऱ्हाइकाला ऐकवायला, समजवायला असं तुमच्यासारखं थेट बोलणारं माणूस हवंय. नऊ मार्चला उद्घाटन आहे, तेव्हा येऊन लोकांना तुमची ती मखमल ऐकवा, मग बोलू. मी विचारलं, बसून काम आहे का? म्हणाल्या, हो, खुर्चीच आहे.
खुर्ची!
पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. चादरींच्या मशिनसमोर वाफेत उभं राहून संध्याकाळी जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागतं. पायाचा डॉक्टर म्हणाला होता, बसून करायचं काम बघा, नाही तर पुढे त्रास आहे. बसून कामं शिकलेल्यांना मिळतात म्हणून मी त्याच्यावरच खेकसले होते. आता बघ म्हणावं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
राजीनामा दिला.
आमची सुपरवायझर, तिला आम्ही इस्त्री म्हणतो. तोंडावर सुरकुती नाही, कारण कधी हसलीच नाही. तिला सगळं सुनावलं. म्हटलं, तुमच्या या वाफेने माझा कान खराब होतो, माझ्या कानाला बाहेर मान आहे. आता मी खुर्चीत बसणार आणि लोक उभे राहून ऐकणार. बायका मशिनं सोडून बघत होत्या. इस्त्री म्हणाली, महिनाअखेरपर्यंत या. मी म्हटलं, येते, पण उपकार म्हणून.
घरी ह्यांनी विचारलं, तिकडचं पत्र आलं? मी म्हटलं, शब्द आलाय. काय शब्द? मी म्हटलं, मग बोलू, हा शब्द.  हे म्हणाले, अगं, मग बोलू तर मी शेजाऱ्यालाही म्हणतो. या माणसाला दुसऱ्याचं भलं बघवत नाही. बायकोचंसुद्धा.

२ मार्च, रविवार
तयारी. खुर्चीवर टाकायला उशी शिवली. आरशासमोर बोलून बघितलं. आधी कडक चेहरा, मग शांत चेहरा. कडकच बरा.
हे म्हणाले, एकदा त्या पट्ट्या लावून तर बघू, फरक कळेल. मी म्हटलं, जमलेला आवाज बिघडवायचा कशाला? म्हणाले, पण तू दोन्ही एकापाठोपाठ ऐकलंयस कुठे? मी म्हटलं, ज्याला कळतं त्याला एकदाच पुरतं. हे वाक्य चांगलं आहे. उद्घाटनाला वापरायचं.

९ मार्च, रविवार
उद्घाटन. नीट लिहिते, म्हणजे पुढे कोणी उलटं सांगितलं तर माझ्याकडे खरं असेल.
शोरूम काचेचं. गालिचा पाय रुतेल असा. खुर्ची बघितली, हातवाली आहे, फिरते. ग्रुपातले बरेच आले होते. डॉक्टर प्रत्यक्षात बुटके निघाले. न्यायाधीशांनी मला नमस्कार केला. हे मागे भिंतीला टेकून उभे होते, बसचा गणवेश घालूनच आले. मी कितीही डोळे वटारले तरी हलले नाहीत.
मालकीणबाईंनी तेच गाणं लावलं. बाई आणि पियानो. आधी पट्ट्यांसकट. मी म्हटलं, हा झाला कच्चा आवाज. मग मी स्वतः मागे जाऊन पट्ट्या काढल्या, ‘ज्याला कळतं त्याला एकदाच पुरतं’ म्हटलं आणि पुन्हा लावायला सांगितलं.
धम्म धम्म सुरू झालं. डॉक्टरांनी डोळे मिटून मान डोलवली. कोणी तरी म्हणालं, मखमल. न्यायाधीशांनी रुमाल काढला.
तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन आलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, अहो, गाणारी कुठे गेली?
कोणी हसलं. ती म्हणाली, हसता काय, मघाशी होती ना? आणि पियानोवाला? तोही तिच्याबरोबर गेला?
मालकीणबाई पुढे आल्या, स्पीकरला कान लावला. वरच्या दोन्ही गोल तोंडांना कान लावला. मग सगळ्यांदेखत म्हणाल्या, वायर फक्त खालच्या भागाला लागलेली असते, वरच्या भागाला वीज या पट्ट्यांमधून जाते. पट्टी काढली की वरचा भाग बंद. नुसता खालचा धमधमाट उरतो. माझ्याकडे वळून म्हणाल्या, ताई, तुम्ही किती दिवस अर्धेच स्पीकर ऐकताय?
मी म्हटलं, तुमच्या गालिचामुळे होतंय हे. माझ्याकडे फरशी आहे.
त्या म्हणाल्या, असेल.
पट्ट्या परत लावल्या. गाणारी आली. पिशवीवाली म्हणाली, ही बघा, आली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणारीसाठी. खुर्चीवर तोपर्यंत डॉक्टर बसले होते.
बसने घरी आलो. वाटभर उशी ह्यांनीच धरली होती.

१० मार्च, सोमवार
पिशवीवाली बाई दुसऱ्या दुकानवाल्याने पाठवलेली असणार. असली माणसं ठेवलेली असतात.
ग्रुपवर डॉक्टर लिहितात, या प्रयोगाबद्दल मी सुरुवातीपासून साशंक होतो. न्यायाधीश लिहितात, डोळे पाणावले होते ते सर्दीने. ज्यांनी ज्यांनी काढल्या होत्या त्यातल्या एकानेही काढल्या नव्हत्या! मी लिहायला गेले तर लिहिताच येईना. मला ग्रुपातून काढलंय.
भावाचा कुठल्या तरी बंदरातून निरोप. तीनच शब्द. ताई, हात लावलास?
शोरूमच्या बाईंना फोन केला. उचलला नाही. मीटिंगमध्ये असतील.

१२ मार्च, बुधवार
शोरूमच्या बाईंनी फोन उचलला. चांगलं बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या सांगण्यात जोर आहे, तुम्ही सांगितलंत तर लोक स्वतःचे कान बाजूला ठेवतात, आणि मला तीच भीती वाटते. जागा भरली म्हणाल्या.
ह्यांना सांगितलं, मीच नाही म्हटलं, लांब पडतं. हे बरं म्हणाले. मग विचारलं, पाय चेपू का? मी म्हटलं, काही गरज नाही. तरी चेपले.

१३ मार्च, गुरुवार
ह्यांनी पट्ट्या लावल्या. गाणं लावून आतल्या खोलीत गेले, मला एकटीला सोडून. ऐकलं.
यावर काही लिहायचं नाही.

१७ मार्च, सोमवार
लॉन्ड्रीत गेले. इस्त्रीसमोर उभी राहिले. म्हटलं, तुमची अडचण होत असेल म्हणून आले. ती म्हणाली, अडचण काहीच नाही, तुमच्या मशिनवर नवी मुलगी घेतलीय. मी काही बोलले नाही. माझ्या जिवाला हे पहिल्यांदाच जमलं. मग तिने रजिस्टर उघडलं आणि म्हणाली, टॉवेलच्या घड्या घाला, शेवटच्या टेबलावर. कानाला वाफ लागणार नाही, जपा.
उभ्यानेच आहे. स्टूल आहे एक, पण त्यावर इस्त्रीची पर्स बसते. उद्या तिच्याकडे ते मागणार. उद्या नाही तर परवा. पाय दुखतात, हे तिच्यासमोर तोंडातून निघायला हवं.
जेवणाच्या सुट्टीत सगळ्या भोवती जमल्या. कोणी तरी विचारलं, काय गं, कसे आहेत मग ते स्पीकर?
मी म्हटलं, उंच आहेत.