न बदलणारा जीन

४ फेब्रु.
चार वर्षं झाली या एका जीनच्या मागे. पेशीला ‘वाढ’ असा निरोप आला की तो अडवणारा हा. मी त्याला ब्रेक म्हणते. प्रबंध म्हणतो, स्तनाच्या गाठीत ब्रेकचं एक्स्प्रेशन, म्हणजे तो किती चालू आहे ते, शेजारच्या निरोगी तुकड्यापेक्षा कमी. माझे गाइड, सर, खूश. सबमिशन महिनाअखेर.
आज आकडे पुन्हा चाळले. ब्रेक नुसता मोजता येत नाही, एका न बदलणाऱ्या जीनच्या तुलनेत मोजायचा. आमच्या लॅबचा तो ठरलेला जीन गाठीत स्वतःच वाढतोय!! आजवर कुणी तपासलं नाही. मीही नाही, शहाणी.

५ फेब्रु.
पप्पांना सांगितलं. मार्केट यार्डात तोलणार, जन्म काट्यापाशी गेला. म्हणाले, “अगं, वजनच जड झालं तर कांदा कमी भरणारच की.”
झालं. माझा अख्खा तिसरा चॅप्टर एका वाक्यात निकालात.

९ फेब्रु.
दुसरे तीन जीन घेऊन सगळे नमुने परत मोजले. फरक गायब. गाठीत ब्रेक तेवढाच, निरोगी तुकड्यातही तेवढाच. वॉशरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं, नमुन्यांची प्लेट पुन्हा मशीनला लावली. तेच.

११ फेब्रु.
सर: “तुम्हाला पीएच.डी. करायचीय की सत्याग्रह?”
“दोन्ही, सर.”
“अहो, सगळं जग असंच मोजतं.”
“जगाचं माहीत नाही. आपलं चुकलंय.”
जुने आकडे ठेवले तर सबमिशनच्या फॉर्मवर सही, नवे घातले तर सही विसरा, म्हणे. त्यांचे दोन पेपर त्या आकड्यांवर उभे आहेत. कळतं मला. तरी नाही म्हणजे नाही.

१२ फेब्रु.
आई: “सही घे नि मोकळी हो ना गं.”
येरवड्याच्या त्या काकू आठवल्या. ऑपरेशनआधी संमतीपत्रावर अंगठा देताना म्हणाल्या होत्या, “माझ्या गाठीचा कुणाला तरी उपयोग होऊ दे, पोरी.” त्यांची गाठ घेऊन मी खोटं बोलू? हट्!

२० फेब्रु.
पीएच.डी.च्या कमिटीपुढे जुना आलेख, नवा आलेख, शेजारी शेजारी. सरांना आधी दाखवले नव्हते. कमिटीतल्या, बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या मॅडमनी विचारलं, “मग चार वर्षांत सापडलं काय?”
“या गाठींत ब्रेक कमी होत नाही, हे. आणि आम्ही मोजायला चुकलो, हेही.”
नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. फॉर्म मागितला, पेन काढलं, थांबले. “माझ्या दोन पेपरांचं काय?”
“जर्नलला चूक कळवणारं पत्र लिहायचं, सर. मसुदा आणलाय.”
त्यांनी फॉर्म आणि मसुदा, दोन्ही ड्रॉवरमध्ये टाकले. “सोमवारी बघू.”
बघा. सोमवारी नऊला मी केबिनच्या दारात उभी आहे.