प्लेटा भिजत घातल्यात

९ सप्टेंबर, मंगळवार

फटफटी ओढ्याच्या चढाला बसली. चार चाकांची, पावण्यांना फिरवायची. रेस दिली की नुसती बोंबलते, जागची हलत नाही. करपल्याचा वास पार ओट्यापर्यंत. मनी चिखलानं भरून आली न् म्हणाली, "क्लच गेला, आजे."

"कुठं गेला? त्याला तरी जाता आलं."

हसली नाही. वाडीतल्या बायांनी गाडी ढकलत दारात आणली. मी हुकूम दिले.

मनी म्हणजे नात. ती लिहिते, मी बोलते. अक्षराशी माझी ओळख नाही. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिही बाई.

(तसंच ठेवलं तर म्हणशील मला अडाणी दाखवलं. – म.)

१० सप्टेंबर

पाय प्लास्टरात. आत मुंग्यांची जत्रा. छत्रीची काडी घालून खाजवते. शकू म्हणजे धाकटी सून, मनीची आई, ओरडते, "आत्याबाई, जखम हुईल!" होऊ दे, काहीतरी होऊ दे.

भाताच्या बांधावरून घसरले तेव्हा या फटफटीनंच खाली नेलं, प्लास्टर घालून वर आणलं. ओढ्यावरची मोरी वाहून गेलीय, जीप येत नाही. आता ही पण बसली. ती दारात, मी ओट्यावर. एकमेकींकडं बघतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

धरणाकडचा मिस्त्री म्हणतो, गाडी खाली आणा. खाली आली असती तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं?

रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, वरच्या चढावर. मनी तिथं जाऊन दत्तूशी बोलली. दत्तू माझा थोरला, केडगावला असतो. म्हणाला क्लचच्या नव्या प्लेटा मी धाडतो, तूच बसव, मोबाईलवर बघून. पुढचं मनी गिळत होती. ओढून काढलं. शनिवारी, वीस तारखेला, तो गाडी घेऊन रस्त्याला थांबणार. आधी दवाखान्यात प्लास्टर काढायचं, तिथनं थेट केडगाव. अमावस्येला बापाचं पितर तिकडंच घालणार. "आन् मग आईला इकडंच ठिवतो. कायमची."

कायमची. प्लास्टरचं तरी बरं, ते काढतात.

१३ सप्टेंबर

केडगावला एकदा राहिलेय. तिसरा मजला. सकाळी दोघं नवराबायको कामाला जायची, जाताना बाहेरून कुलूप. "आई, तू कुणालापण दार उघडतीस." उघडणारच. दार कशाला असतं?

एकदा कुलूप विसरली. मी लिफ्टमधून खाली जाऊन आले. येताना बटण कुठलं ते कळेना. एक दाबलं, बाहेर आले, दार तसंच, पायपुसणंही तसंच. आत जाऊन बसले. त्या बाईनं चहा दिला. सासरच्या गप्पा झाल्या. मग कळलं घर दुसरंच. दत्तूला लाज वाटली. मला चहा आवडला होता. त्या दिवसापासून कुलूप विसरत नाहीत.

गॅलरीला जाळी. त्या जाळीतून कावळा घासाला कसा शिवणार? माझा म्हातारा जिता असताना बाजारात वाट चुकायचा. तिथं सगळी दारं सारखी.

१४ सप्टेंबर, रविवार

मनीनं फटफटीचं पोट उघडलं. जन्मात पहिल्यांदा. काळं ऑइल घमेल्यात काढलं, बाजूचं झाकण सोडलं, स्प्रिंगा काढल्या. एक-एक पायरी बघायला टाकीपर्यंत पळत जाते, येईपर्यंत निम्मी विसरते. मी म्हटलं, "गाडीलाच टाकीपाशी न्यायची हुती."

"चालत असती तर नेली असती, म्हातारे!"

जुन्या प्लेटा काढून दाखवल्या. काळ्याठिक्कर, करपल्या भाकरीसारख्या. एक माझ्या हातात दिली. कडेला दाते, मध्ये मोठं भोक. मागल्या सुट्टीत जाड जाड पावणे चढवले त्याचं फळ.

लिहायला बसली तर कागदावर तिचा काळा अंगठा उठला. एवढी शिकवली, शेवटी अंगठाच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दत्तूनं एसटीच्या ड्रायव्हरकडं पुडकं धाडलं. शकू खाली जाऊन घेऊन आली, कमरेपर्यंत भिजून. पुडकं माझ्यासमोर जोरात ठेवलं. तिला वाटतं मी इथंच राहावं. किंवा वाटतं लवकर जावं. आवाजावरून कळलं नाही.

दुपारी मनी ओरडली, "आई, प्लेटा भिजत घातल्यात, जरा बघ!" न् गेली टाकीकडं. शकू गोठ्यात. ऐकलं मी.

ओट्यावर बसल्या-बसल्या भांडी घासायचं एवढंच काम मला उरलंय. परातीत भिजत घातलेल्या प्लेटा. तेलानं माखलेल्या. घेतली राख, घेतली तारेची घासणी, न् एकेक लखलखीत केली. धुतल्या, पुसल्या, उन्हाला उभ्या मांडल्या.

मनी आली. आधी परात बघितली, मग मला, मग उन्हातल्या प्लेटा. मटकन् खाली बसली.

"आजे, त्या ऑइल प्यायला ठिवल्या हुत्या."

"मग तसं म्हणायचं. भिजत घातलेली प्लेट घासतात, ठिवून देत न्हाईत."

१७ सप्टेंबर

मनीनं प्लेटा पेट्रोलनं धुतल्या, राख काढली, पुन्हा तेलात घातल्या. एकीचा बुचासारखा थर सोलून निघालाय. तिच्या जागी जुन्यांतली त्यातल्या त्यात बरी घालणार.

संध्याकाळी चुलीपाशी तिनं विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"काय मुद्दाम?"

"रविवारी जुनी प्लेट तुझ्या हातात दिली हुती. भोक दाखवलं हुतं."

मी म्हटलं, भोकाच्या ताटल्या शहरात निघाल्या असतील. तिकडं काय पण निघतं.

"आजे."

लिही, मुद्दाम नाही केलं. लिहिलंस? आता पुढं लिही, घासताना हात थांबत नव्हता. आता ते खोड.

(खोडत नाही. – म.)

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बसवल्या. एक तेलातली, एक लोखंडाची, एक तेलातली. भाकरीची चवडच. स्प्रिंगा समोरासमोरच्या थोड्या-थोड्या आवळल्या, शिवणीचे टाके ओढतात तशा. पोरीची जीभ दातांत. मी काही बोलले नाही. शकूनं कपाळाला हात लावून बघितला, म्हणे ताप आहे का.

गाडी सुरू झाली. अंगणात पुढं गेली, मागं आली. मनी नाचली. मग उतरून चाकाशी बसली.

"काय गं?"

"उतरंल. त्याचं काय न्हाई. चढावर दम धरंल का, ते सांगता येत न्हाई. मधली ती जुनी प्लेट."

"म्हणजे मला खाली सोडंल."

"व्हय."

"न् परत आणायचं?"

ती ऑइलची बाटली पुसत राहिली.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळीच बोलतेय. दत्तू रस्त्याला येऊन थांबलाय. मनी टाकीवर जाऊन फोन करून आली. वाडीतली माणसं म्हणाली, फटफटी नको, डोली करतो. नको बाबांनो. म्हाताऱ्याला डोलीतनं नेला होता, फिरून रिकामी डोलीच आली.

प्लास्टर काढायचंय. ते खरंच काढायचंय. पितराला लेकानं बोलावलंय, तेही खरं. दत्तू वाईट नाही. कुलूपसुद्धा काळजीनंच लावतो.

नऊवारी नेसले. शकूनं गाठोडं बांधलं, खाली मिश्रीचा डबा घातला, वर माझी जुनी गोधडी. गोधडी मी काढली. तिनं परत घातली. मी परत काढली, खुंटीला टांगली. राहू दे तिथं.

दोघींनी उचलून मला फटफटीवर बसवलं. पाय पुढं बांधला, तोफेसारखा. गाठोडं ओट्यावरच ठेवायला लावलं. मनी म्हणाली, "आता काय?"

म्हटलं, तोंड ओढ्याकडं नको करूस. टाकीकडं कर. आधी मला घेऊन टाकीपर्यंत चढव. चढली, तर दत्तूला तिथनंच फोन लाव, म्हणावं येतेय, आठ दिवसांनी न्यायला मनी येईल. गाठोडं येता-येता उचलू.

"न् न्हाई चढली तर?"

आधी हे लिही म्हटलं, मग किल्ली फिरव. शकू ओट्याच्या कडेला उभी आहे, गाडीमागं लावायचा धोंडा घेऊन. मनी वही माझ्याच हातात देते म्हणतेय, तिला हँडलला दोन्ही हात