बर्फात हात धरायचा नाही

आण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुमची नात उद्या हिमाचलला निघालीय, बर्फातून डोंगर चढायला. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वर्षांची होती, तुमच्या मिश्या ओढायची. ज्या बर्फातून तुम्ही जिवंत परत यावं म्हणून आई जोतिबाला नारळ फोडायची, त्याच बर्फात ही बाई हौसेनं, ऑफिसात रजा टाकून चाललीय.

आठ दिवस ती मला शिकवतेय. ताजा बर्फ पडला की थांबायचं. वाऱ्यानं उतारावर आणून टाकलेल्या बर्फावर भरवसा ठेवायचा नाही. वरचा थर कडक आणि खालचा साखरेसारखा मोकळा असला तर अख्खा उतार एकदम सुटतो. साखर म्हणताच मला हसू आलं. फौजेतून आल्यावर तुम्ही इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात गोदामावर पहारेकरी होतात, आणि शाळेला सुट्टी असली की मला सायकलवरून तिथं न्यायचात. ओल लागून वरून घट्ट झालेलं एक फाटकं पोतं तुम्ही दाखवलंत, अंगठा दाबलात, तशी वरची खपली खालच्या मोकळ्या साखरेवरून घसरत माझ्या पायावर आली. "आसं हुतं बग," तुम्ही म्हणालात. "वर चालणाऱ्याला वाटतं, जिमिनीवरच हाय."

त्याच दुपारी तुम्ही ते सांगितलंत. तुम्ही आणि शेजारच्या गावचा तुमचा दोस्त, दोघे कृष्णाकाठचे, बरोबरच भरती झालेले. पुरातून पलीकडं जायचं तर साखळी करायची, हात सोडायचा नाही, हे दोघांच्या अंगात मुरलेलं. बर्फात फौजेतल्या शिकवणाऱ्या उस्तादनं उलटं सांगितलं होतं. उतार एकेकट्यानं ओलांडायचा, बाकीच्यांनी कडेला थांबून बघायचं, म्हणजे एक गाडला गेला तर उकरायला माणसं उरतात. तुम्ही निम्म्यात होतात आणि दोस्त घाबरून मागून धावत आला, त्यानं तुमचा हात धरला. तुम्ही तो झटकून पुढं पळालात, आणि उतार सुटला. तुम्ही कडेला पोचला होतात, तो मधेच राहिला. त्याला उकरून काढेपर्यंत उशीर झाला होता. "पुरात हात सोडायचा न्हाई आन् बर्फात धरायचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "हे घरी बोलू नगंस."

मग बैलांचा सण, बेंदूर आला. बेंदराला तुम्ही दर वर्षी त्या दोस्ताच्या आईकडं जायचात, त्या वर्षी मलाही नेलंत. मी अकरा वर्षांची. म्हातारी चुलीपुढं पोळ्या लाटतेय आणि वर न बघता विचारतेय, "खरं सांग बाबा, माझं लेकरू एकलं हुतं का रं?" तुम्ही म्हणता, "न्हाई मावशी. शेवटपत्तूर त्याचा हात माझ्या हातात हुता." तिनं तुमच्या पोळीवर तूप वाढलं आणि तुम्ही खाली मान घालून जेवलात. परतताना मी विचारलं, खरं कुठलं? "गप बस," एवढंच म्हणालात, आणि तेही असं की मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मला अजून कळत नाही, आण्णा. खोटं तुम्ही म्हातारीला सांगितलंत, की मला? कदाचित हात तुम्ही घट्ट धरलेला असेल, तो निसटला असेल, आणि स्वतःला दोष दिल्याशिवाय तुम्हाला राहवलं नसेल. कधी मला एक खरं वाटतं, कधी दुसरं.

काल मी भाकरी थापत होते. तुमची बर्फातली गोष्ट, दोस्तानं हात धरला इथवरच, मी पोरीला सांगितली होती. पोरगी म्हणाली, "आई, मैत्रीण घाबरली आणि तिनं माझा हात धरला तर? आजोबांनी काय केलं होतं?"

"झटकला," मी म्हणाले. "तूही झटकायचास. आधी कडेला पोचायचं, मग ते तुझं गाडलेल्याला हुडकायचं यंत्र काढून तिला शोधायचं."

"भारी होते आजोबा," ती म्हणाली आणि बॅग भरायला गेली. म्हातारीच्या घरचं मी तिला सांगितलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक कबूल करते. तिला तसं बजावल्यापासून मी देवाकडं एकच मागतेय, की बरोबरच्या मुलींना त्यांच्या आयांनी हेच शिकवलेलं नसावं.