गोड्या मसाल्यातली सिगार

३ मे १९९७

पुण्याहून पार्सल. रविवार पुरवणीच्या संपादकबाईंनी दोन सिगारी पाठवल्यात. क्यूबाच्या. प्रत्येकीच्या कमरेला सोनेरी पट्टा. सोबत चिठ्ठी: "आता देशात सगळं मिळू लागलंय, वाचकांना चव कळू दे. दहापैकी गुण द्या. तुमच्या त्या संस्कृत थाटात!" बावीस वर्षं वार्ताहरकी केली. दंगली, निवडणुका, राज्यपाल. कुणाला गुण देण्याची वेळ आली नव्हती.

अडचण निराळीच. खाली ग्रेवालसाहेब, आमचे चंदीगडचे घरमालक. शीख घर, तंबाखू वर्ज्य. आठ वर्षांपूर्वी जागा दिली तेव्हा करार नको म्हणाले, डिपॉझिट नको म्हणाले. अट एकच: "पंडितजी, इस घर में तंबाकू नहीं आएगा." मी म्हणालो, पक्का. पुढे कर्फ्यूत बायकोला, सुमनला, ताप चढला, तेव्हा याच माणसाने जीप काढली.

आणि सिगारी आता कपाटात, माझ्या धोतरांखाली. आणल्यात, ओढलेल्या नाहीत, असा युक्तिवाद करून पाहिला. पाठशाळेत असल्या युक्तिवादाबद्दल गुरुजी दिवसभर उभं करत.

५ मे

दामले आला. माझा मित्र, सेक्टर ३०च्या प्रयोगशाळेतला, म्हणून रिकाम्या हाताने येत नाही. आज आर्द्रतामापक आणला. कपाटात धरला, चेहरा पाडला. "अरे, या लूमध्ये चार दिवसांत तडकतील. हवाबंद डब्यात ठेव." वरचा कागदही काढून टाकला, त्यांना श्वास घेऊ दे म्हणाला. हवाबंद डब्यात कसला श्वास, ते विचारायचं राहिलं.

घट्ट झाकणाचा डबा घरात एकच. गोड्या मसाल्याचा, साताऱ्याहून सासूबाईंनी भरून दिलेला. सुमन: "त्यात कोण हात घालतंय, अहो?" तिनेच दोन्ही मसाल्यात उभ्या खोवल्या. तपकिरीत तपकिरी. दिसेनाशा झाल्या.

मुक्ता दारात. "ये क्या है पापा?" (बारा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.) म्हटलं, औषध. अगदीच खोटं नव्हे. आयुर्वेदात धूमवर्ती, म्हणजे औषधी विडी, सांगितली आहे. पण गोड्या मसाल्यात ठेवा असं कुठे सांगितलेलं नाही.

८ मे

एक सिगार घेऊन दामल्यासह पिंजौर. चंदीगडात धीर होईना. ग्रेवालसाहेबांचे भाऊबंद सेक्टर १७च्या बाकाबाकांवर बसलेले असतात. बागेपलीकडे आंब्याखाली चहाची टपरी, तिथे बसलो. हरियाणात दारूबंदी, त्यामुळे चंदीगडहून बाटली आणली असेल म्हणून टपरीवाल्याने आमच्याकडे आधी फार आशेने पाहिलं.

दामल्याकडे स्टॉपवॉच नि फूटपट्टी. दर पाच मिनिटांनी राख मोजणार. मी रसांचा हिशेब ठेवणार. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा.

पहिला भाग: लवंग. दगडफूल. मग सुकं खोबरं, खमंग भाजलेलं! डोळे मिटले तर समोर आमटी. दामल्याने दोन झुरके घेतले नि म्हणाला, "ही क्यूबाची की कराडची रे?"

दुसरा भाग: मसाला सरला, ती स्वतः आली. ओलं लाकूड. जुन्या पोथीचं कापड उलगडताना येतो तो वास. जिभेवर कषाय, सुपारीसारखा, पण मऊ. पाठीमागून उशिरा एक गोडी, न मागता आलेली. आवडली. नाकारण्यात अर्थ नाही.

तिसरा भाग: कडू, गरम, डोकं गरगरलं. थांबलो. राख दामल्याच्या म्हणण्याप्रमाणे आदर्श.

परत येताना त्याच्या क्वार्टरवर आंघोळ, त्याचाच शर्ट. फाटकात ग्रेवालसाहेब पाइप धरून लॉनला पाणी घालत होते. "पंडितजी, चेहरे का रंग उड़ा हुआ है. लू लगी?" हो म्हणालो. बीजींनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, कैरीचं पन्हं पाठवलं. प्यायलो. तेवढ्या एका ग्लासाने सिगारीची सगळी गोडी उतरली.

१० मे



दुपारी प्रेस कॉन्फरन्सहून आलो. सुमन बाजारात. ओट्यावर डबा नाही. मुक्ता म्हणाली, "बीजी ने मसाला माँगा, मैंने डिब्बा दे दिया."

जिना कसा उतरलो आठवत नाही. दुसरी सिगार आतच! डोळ्यांसमोर एकच: खलबत्ता, कूट, चण्याचं पातेलं, आणि ग्रेवालसाहेबांच्या ताटात तंबाखू. जन्मात ज्याला हात लावला नाही ते त्यांच्या पोटात, माझ्यामुळे.

बीजी ओट्याशी. हातात सिगार, समोर खलबत्ता. पट्टा सोलून ठेवलेला.
"आओ जी! त्वाडी दालचीनी बड़ी मोटी ए. टूटदी वी नहीं."

चणे अजून कुकरात. मसाला पडला नव्हता. 

तेवढ्यात ग्रेवालसाहेब टेबलावरून उठले. बीजींच्या हातातून ती घेतली. नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे उभ्या मुक्ताला विचारलं, "ये क्या है, पुत्तर?"
"पापा की दवाई."
"सुन लिया?" बीजींना म्हणाले. "दवाई है." माझ्या खिशात ठेवली. मग नळाशी जाऊन साबणाने हात धुतले. दोनदा. बीजींनाही धुवायला लावले.

धुरावरून अग्नीचं अनुमान शिकण्यात माझी तीन वर्षं गेली. या माणसाला अनुमान करायला धूर लागलाच नाही.

११ मे

ग्रेवालसाहेब गुरुद्वाऱ्यातून आल्यावर खाली गेलो. सगळं सांगितलं. पार्सल, डबा, पिंजौर.
"घर में पी?"
"नहीं जी."
"पर आई तो."
"आई."
बराच वेळ पगडी नीट करत राहिले, नीटच असलेली. म्हटलं, सांगाल तर जागा खाली करतो.
"सोचने दो," म्हणाले. एवढंच.

 रात्री सुमन म्हणाली: "डबा माझाच ना. मीच खोवल्या."
दुसरी सिगार दामल्याकडे पोचवली. तो काचेच्या बरणीत ठेवणार म्हणतो.

१३ मे

सकाळी दार वाजलं. बीजी. हातात आमचा डबा, घासून, उन्हात वाळवून लखलखीत. सुमनने झाकण उघडलं. साताऱ्याचा मसाला गेला होता, कुठे ते विचारलं नाही. आत बीजींनी घरी कुटलेला गरम मसाला, काठोकाठ. "खाली डिब्बा नहीं मोड़दे, बेटा." रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणे.

सुमन रडली. मी वर्तमानपत्र उघडून बसलो. उलटं होतं असं मुक्ताचं म्हणणं.

आमटी केली त्या मसाल्याची. चव पंजाबी, डोळ्यांतून पाणी काढणारी. वाडगाभर खाली पाठवली. वाडगा रिकामा आला नाही. गुळाचे दोन खडे होते.

१५ मे

लेख पाठवला. दहापैकी सात. लवंगेचा उल्लेख वगळला. दामल्याची राख घातली.

संध्याकाळी लॉनमध्ये ग्रेवालसाहेब. मी सटकत होतो.
"पंडितजी!"
थांबलो. जागेबद्दल बोलणार असं वाटलं. पाइप गुलाबाच्या वाफ्यात सोडून जवळ आले, घराकडे एकदा बघून घेतलं. बीजी आत होत्या.
"एक बात बताओ. बहत्तर साल का हो गया. न पी, न पीनी है." आवाज उतरवला. "होती कैसी है?"

तीन कॉलम लिहून आलो होतो, चार रस वापरले होते. तोंड उघडलं. हसूच आलं, आणि ते त्यांच्याही मिशीत दिसलं.

"सोचने दो," म्हणालो.

ते अजून वाट पाहतायत. खिडकीतून दिसतात. वाफ्यात पाणी भरून बाहेर चाललंय.